त्र्याऐंशीची चकती

“तिला सांग, मोठी चकती घेतल्याशिवाय मी या दुकानातून हलणार नाही,” आई म्हणाली.

“त्यांना सांग, मी दुकानदाराला उशी आणि पांघरूण काढून ठेवायला सांगते,” बायको म्हणाली.

दोघींमध्ये हातभर अंतर होतं आणि त्या हातभर अंतरात तो उभा होता. सासू-सून चार महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. जे काय बोलायचं ते त्याच्यामार्फत. नातेवाईक त्याला थंडोबा म्हणत. अंगावर उकळतं पाणी सांडलं तर हा आधी लादी पुसेल, असा त्याचा लौकिक होता.

घरातला कॉफी दळायचा ग्राइंडर, जाड ना बारीक असं मध्यमच दळणारा, महिन्यापूर्वी जळाला होता. आईला जाडसर दळलेली कॉफी लागे, कागदी गाळणीतून थेंब थेंब गाळलेली. बायकोला पिठासारखी बारीक, यंत्रातून दाबून काढलेली कडू जहर. जाड दळायला मोठी चकती लागते म्हणे आणि बारीक दळायला लहान, आणि ओट्यावर जागा एकाच ग्राइंडरची. त्यावरून महिनाभर घरात भांडी आपटत होती.

मोठी आली तर बायको जाणार होती, तिने भाड्याची जागाही पाहून ठेवली होती. लहान आली तर आई लेकीकडे जाणार होती, तिची बॅग भरलेली होती. आणि मधली आली तर दोघीही जाणार, असं दोघींनी त्याच्यामार्फत एकमेकींना कळवलं होतं.

“अडतीस मिलिमीटर, चौसष्ट आणि त्र्याऐंशी,” दुकानदार तिन्ही ग्राइंडरांवर बोट ठेवत म्हणाला. “कुठला दाखवू?”

“हा,” दोघी एकदम म्हणाल्या. बोटं दोन टोकांना.

“भाऊ, तुम्ही बोला.”

“मी काय बोलणार?” थंडोबा म्हणाला.

“बोलणार नाहीच तो,” आई म्हणाली. “लग्न झाल्यापासून याच्या तोंडाला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे, ते काही मी सांगत नाही.”

“त्यांना सांग, लग्नाआधी तोंड होतं, असं शेजारपाजारचंही कोणी म्हणत नाही.”

दुकानदाराने घसा खाकरला. “केवढी कॉफी दळता रोज?”

“मला जाड लागते, म्हणून मोठी चकती,” आई म्हणाली.

“मला बारीक लागते, म्हणून लहान.”

दुकानदाराने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. “जाड-बारीक दळण्याचा आणि चकतीच्या आकाराचा काय संबंध?”



त्याने मोठ्या ग्राइंडरचं झाकण काढलं. आत दोन दातेरी पोलादी चकत्या समोरासमोर बसवलेल्या होत्या. “या दोघींमधली फट वाढवली की जाड, कमी केली की बारीक. बाहेर ही कडी आहे, ती फिरवायची. चकती केवढी का असेना. हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“याने,” आई म्हणाली.

“यानेच,” बायको म्हणाली.

“नेटवर वाचलं होतं कुठंतरी,” थंडोबा म्हणाला.

“मग मोठी घ्यायचीच कशाला?” बायकोने विचारलं.

“काम झटपट होतं. दाणे तापत नाहीत, त्यामुळे वास उडत नाही. आणि दळण एकसारखं पडतं.” दुकानदाराने मूठभर दाणे टाकून जाड दळून दाखवलं, कडी फिरवली, बारीक दळून दाखवलं. दोन्हींची एकेक चिमूट दोघींच्या तळहातांवर ठेवली.

आईने बोटांनी चोळून पाहिलं. मग मान वाकवून सुनेच्या तळहातावरचंही पाहिलं.

“थंडगार आहे,” ती म्हणाली. तिला सांग, असं म्हणायचं राहूनच गेलं.

“माझंही,” बायको म्हणाली. “वास घेऊन बघा, आई.”

आईने वास घेतला. दुकानदार उगाच फडक्याने काउंटर पुसू लागला.

“चौसष्टची बरी पडेल,” थंडोबा घाईने म्हणाला. “मधली. कोणाचंच मन मोडायला नको.”

“मध्येमध्ये करू नकोस!” आई म्हणाली.

“महिनाभर आम्हाला येड्यात काढलंस ते पुरे नाही झालं?” बायको म्हणाली. “काय हो आई, मी आपली लहान चकती, लहान चकती करत बसले.”

“आणि मी म्हातारी बॅग भरून बसले! याला शाळेतही गणितात काठावर पास केलं होतं.”

“इथेही काठावरच आहे.”

दोघी हसल्या. थंडोबा हसला नाही. त्र्याऐंशीच्या ग्राइंडरचं खोकं त्याने गाडीपर्यंत एकट्याने वाहिलं. मागे दोघी बोलत होत्या, मध्ये कोणी नव्हतं.

घरी आल्याबरोबर आईने बॅग रिकामी केली. बायकोने घरमालकाला फोन करून जागा नको म्हणून कळवलं.

सोमवारी सकाळी दोघी बाहेरच्या खोलीत टेबलाशी शेजारी शेजारी बसल्या होत्या. कॉफी करणं हे घरात थंडोबाचं काम, लग्नापासूनचं. स्वयंपाकघराचं दार त्याने नेहमीप्रमाणे ओढून घेतलं.

“जुना ग्राइंडर पाऊण मिनिट कोकलायचा,” बायको म्हणाली. “आणि हा तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत असायचा. सेकंद मोजत असेल.”

“छे, गाणं म्हणतो,” आई म्हणाली. “लहानपणीही गुणगुणायचा. स्वभावच शांत ना.”

आत खटका दाबल्याचा आवाज आला. घरघर सुरू झाली आणि पाच सेकंदांत थांबली.

थंडोबा थांबला नाही.

“...महिनाभर एकीला एक, दुसरीला दुसरं सांगून दोघींना दारापर्यंत आणलं होतं, आणि त्या मेल्या दुकानदाराने पाच मिनिटांत भवान्यांचा समेट करून टाकला!”