रामिरोचा कडू चहा

बस इथं, एक गोष्ट ऐकवतो. आपला इद्रीस इथं आखातात, सलवातल्या शाळेची बस चालवायचा. तिथं फुटबॉल शिकवणारा रामिरो हद्दाद अर्जेंटिनाचा, एकटा जीव. आडनाव ऐकून लोक अरबीत बोलायचे, याला ओ की ठो कळायचं नाही. आजा सिरियाचा, आजी इटलीची, आई अर्जेंटिनातल्याच आदिवासींतली. इद्रीस म्हणाला, "मग तू कोण बाबा?" त्यानं तुंब्यातला कडू चहा नळीसकट पुढं केला. "आम्ही सगळे एकाच नळीनं पितो, म्हणून अर्जेंटिनाचे." इद्रीस घोट घेऊन अदबीनं म्हणाला, "शुक्रन." रामिरोचा चेहरा पडला, त्या दिवशी पुन्हा तुंबा दिलाच नाही. सुट्टीचे चार शुक्रवार असंच. शेवटी रामिरोच बोलला, "आमच्यात आभार मानले की त्याचा अर्थ, पुरे, आणखी नको." इद्रीसनं कपाळ बडवलं, मग दोघांनी तुंबा भरत भरत गरम पाण्याचा अख्खा थर्मास संपवला. पण इद्रीस परवा कायमचा रत्नागिरीला गेला. येत्या शुक्रवारी जाऊन बसशील रामिरोजवळ?