जमिनीची तार

रूपाबाईनं घागर कलंडवली. व्यंकटरावांच्या अंगणात पुरलेल्या लोखंडी नळीभोवती पाणी क्षणात मुरलं. नळीला बांधलेली तार खिडकीतून आत रेडिओपर्यंत गेली होती.

“आता बघा,” ती म्हणाली.

आत व्यंकटरावांनी कान लावला. खरखर जरा बसली होती. नळीखालची जमीन ओली असली की आवाज साफ येतो, हे त्यांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं. पण त्रेचाळीस सालचा वैशाख होता आणि डोंगरकड्याच्या विहिरींनी तळ गाठलेला. एका घागरीसाठी ओढ्यातल्या झऱ्यावर तासभर बसावं लागे. गाव हसायचं. रेडिओला पाणी पाजते म्हणायचं. हसणाऱ्यांचं काय जातं?

डोंगरकड्यातून लढाईवर गेलेले दोघंच. व्यंकटरावांचा मुलगा संतराम आणि रूपाबाईचा मुलगा सोनाजी. संतरामला हौस होती. सोनाजीला नव्हती. ‘माझ्या पोराला सोबत होईल’ म्हणून व्यंकटरावांनीच त्याला नेऊन भरती केलं होतं. सिंगापूर पडलं आणि दोघांचीही पत्रं थांबली.

आता शत्रूचा रेडिओ संध्याकाळी नावं वाचायचा. आधी कैदेत असलेल्यांची, मग कैदेत मेलेल्यांची; काही नावं पुढं कधीतरी पुन्हाही येत. हे ऐकणं गुन्हा होता, म्हणून व्यंकटराव दार लावून ऐकायचे आणि रूपाबाई ओसरीवर बसून राहायची. बाळापूरला इस्माईल कापडवाल्याकडंही रेडिओ होता, पण त्याचा तो खोका काही कामाचा नाही, असं व्यंकटरावांचं मत होतं.

वैशाखाच्या सुरुवातीला एकदा वळवाचं आभाळ आलं. रूपाबाई त्या दिवशी बाळापूरच्या बाजाराला गेली होती. खरखरीतून मेलेल्यांची यादी येत होती. “सोनाजी, गाव डोंगरकडा,” एवढं स्वच्छ ऐकू आलं आणि वीज कडाडली. रेडिओ जळू नये म्हणून व्यंकटरावांनी छपरावरच्या बांबूवरून येणारी तार झटक्यात उपटली. ती पुन्हा लावलीच नाही. त्या माउलीला कोणत्या तोंडानं सांगायचं? ती दया होती, असं ते स्वतःला समजावत राहिले. खरं तर भित्रेपणा होता.

दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन हजर.

“काल काही लागलंच न्हाई,” ते म्हणाले. “विजा होत्या. तार काढून ठेवली.”

रूपाबाईनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“बराबर हाय,” ती म्हणाली आणि पाणी ओतलं.

“उद्यापासून नको आणू. उगं तकलीफ.”

“नाव येऊस्तोर आणते.”

ती येतच राहिली. ऊन वाढलं, तिच्या टाचा फुटून रक्ताळल्या. व्यंकटराव रोज रेडिओची खुंटी फिरवत, संतरामच्या नावासाठी जीव कानात गोळा करत आणि बाहेर येऊन तिला हवेचं काहीतरी सांगत. आज धुरळा होता. आज आभाळ होतं. आज जमीन फार तापली होती. ती मान हलवायची.

पंधराव्या दिवशी हवा स्वच्छ होती. यादी शेवटपर्यंत नीट ऐकू आली. कैद्यांत संतरामचं नाव आलं नाही, मेलेल्यांतही नाही. देवानं आपल्याला वाचवलं, असं व्यंकटरावांना वाटलं आणि मग बाहेर बसलेल्या बाईची लाज वाटली. ते ओसरीवर आले.

“रूपाबाई, सोनाजी गेला. पंधरा दिवस झाले. मी ऐकलं होतं, पर तुला सांगितलं न्हाई.”

ती रडली नाही. हातातली चुंबळ नीट करत राहिली.

“माहीत हाय मला.”

“कुणी सांगितलं?”

“इस्माईलभाईनं. त्याच दिशी. बाळापुरात आभाळ मोकळं होतं. समदी यादी ऐकली त्यानं.”

व्यंकटरावांना आधी राग आला, मग काहीच समजेना.

“मग हे पानी काहून वाहून राहिली तू?”

“म्हनलं, तुमाला रेडिओच्या पेटीनंच सांगावं. माझ्या तोंडून नगं.”

“काय सांगावं?”

रूपाबाईनं रिकामी घागर डोक्यावर घेतली.

“सोनाजीच्या पाठोपाठ आलेलं नाव बी डोंगरकड्याचंच होतं, मालक.”