दुभाष्याचे अकराशे

"गरम कोट, साडेतीनशे," म्हणत करीमनं वहीत आकडा मांडला.

"आफ्रिकेत कशाची थंडी?" चाँदबीनं विचारलं.

"सकाळी सकाळी दात वाजतात म्हणं तिथं, अम्मा. पत्रकात छापलंय."

"तुझ्या बापाचा दरबारातला कोट हाय की ट्रंकेत. त्यो घालीन. खोड ते."

करीमनं खोडलं. एसटीच्या हिशेब खात्यात वीस वर्षं घासलेला माणूस तो. खर्च फुगवायचा कसा, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुण्याच्या सहल कंपनीचं पत्रक घरात आलं त्याच दिवशी त्यानं ठरवलं होतं, आईला नाही म्हणायचं नाही, नुसता खर्च मांडत जायचा. विमान, मुक्काम आणि जीप मिळून चौदा हजार पत्रकातच होते. म्हातारीच्या पोस्टाच्या पुस्तकात पंधरा हजार सहाशे. वरचा खर्च सोळाशेच्या पुढं गेला की काम फत्ते. जिनं कधी मुंबई पाहिली नाही ती पासष्टीची बाई केनियाला जनावरं बघायला निघाली, हे गल्लीला कळायच्या आत मिटलेलं बरं.

"दुर्बीण, चारशे."

"डोळं शाबूत हायत माजं. खोड."

"पिवळ्या तापाची सुई. ती मुंबईलाच टोचत्यात. जाऊन-येऊन दोनशे."

"ते लिही."

"खायचं काय? तिथलं तुला चालणार न्हाय. डबाबंद..."

"सलिमा भडंग करून देईल. न्हाय का गं?"

चहाचे कप घेऊन आलेली सून हसली. करीम हसला नाही. हातखर्चाचे हजार त्यानं घाईघाईनं लिहिले, त्याला चाँदबीनं मान डोलावली. मग त्यानं हुकमाचं पान काढलं.

"मराठी दुभाष्या. जीपमधी शेजारी बसून सगळं समजावून सांगतो. ज्याला पायजे त्यानं वेगळे पैसे भरायचे, अकराशे. आन् तुला त्याच्याबिगर जमायचं न्हाय. तिथला माणूस इंग्रजीत बोलणार." त्यानं बेरीज केली आणि वही आईपुढं फिरवली. "सोळा हजार तीनशे. सातशे कमी पडत्यात, अम्मा. आता मी काय करू?"

आवाजात त्यानं जमेल तेवढं दुःख आणलं होतं.

चाँदबी आकड्याकडं बघत राहिली. ह्या पंधरा हजारांत नवऱ्याचा एक पैसा नव्हता. दोन म्हशी आणि अठरा वर्षांचा दुधाचा रतीब होता.

"दुभाष्या खोड," ती म्हणाली.

"ते खोडता येत न्हाय!" करीमचा तोल गेला. "कळणार काय तुला? नुसती जनावरंच बघायची तर गांधी मैदानात सर्कस येती की. पाच रुपयांत वाघ बघ!"

"वाघ न्हाय. मला चित्ता बघायचाय."

"सारा जलम चित्तेवानाच्या घरात काढलास. अजून बघायचा ऱ्हायलाय व्हय?"

संस्थान जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. महाराजांच्या शिकारीचे चित्ते कधीच गेले, ते सांभाळणारा करीमचा बापही गेला. गल्लीत नाव तेवढं उरलं होतं, चित्तेवानाचं घर.

"लगीन होऊन आले तवा सोळा वर्सांची व्हते," चाँदबी म्हणाली. "दारात खाटंला शहाजादी बांधलेली. चित्त्याची मादी, आफ्रिकेतनं बोटीनं आणलेली. डोळ्यांवर चामड्याची टोपी. तुझ्या आजीनं मला तिच्याजवळ बसवलं. म्हणाली, बोलत बस, दिवा लागंपर्यंत. नवं जनावर आलं की घरातल्या बायकांचं कामच असायचं ते. माणसाच्या आवाजाची सवय लागली की जनावर माणसाळतंय."

"काय बोलायचा तुमी?" सलिमानं हळूच विचारलं.

"माज्या म्हायेरचं, गडहिंग्लजचं. माज्या आईचं. ह्या घरात माजं ऐकणारं दुसरं कोण व्हतं?" तिनं कप तसाच बाजूला सारला. "पयल्यांदा नुसत्या आवाजानं थरथरायची. चार म्हयन्यांनी मांडीवर डोकं ठेवून झोपाया लागली. दरबारातनं तुझ्या बापाला फेटा मिळाला."

"मग चांगलंच झालं की," करीम म्हणाला.

"चांगलं?" चाँदबीचा आवाज असा चढला की दारातली कोंबडी पळाली. "शिकारीला मलाबी संगं न्यायचे. रानात टोपी काढायचे तिची. समोर सगळं मोकळं. हरणामागं सुटायची ती वाऱ्यासारखी. तशीच निघून गेली असती की! पर म्या हाक मारली की माघारी यायची. दर डाव. ती मेली त्या खाटंवर, साखळीत. साखळीनं न्हाय ऱ्हायली ती, करीम. माज्या बोलण्यानं ऱ्हायली."

चाँदबीनं करीमच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली. तिला वाचता येत नव्हतं, पण अकराशे कुठं लिहिलेत ते तिनं नीट पाहून ठेवलं होतं. त्यावर तिनं अशी रेघ ओढली की कागद फाटला.

"आता कर बेरीज."

त्यानं केली. पंधरा हजार दोनशे. चारशे उरत होते.

"आन् अम्मा," सलिमानं कप उचलता उचलता विचारलं, "तिथं चित्ता दिसला, तर हाक माराल?"

चाँदबीनं वही मिटली.

"पंधरा हजार घालून चालले ते हाक न मारायला."