डावा गुडघा

सकाळपासून सातव्यांदा चार नंबरच्या खुर्चीचं यंत्र वाजलं आणि सातव्यांदा नर्स शेरिल तिथे गेली.

"डेस, हात सरळ ठेवा. सुई आहे हातात."

"माझा हात सरळच आहे. याचं डोकं वाकडं आहे," डेस पेटिफर म्हणाला, आणि कोणाचं ते दाखवायला त्याने तोच हात पुन्हा वाकवला. यंत्र परत वाजलं.

शेजारी, पाच नंबरवर, थानासी कारास बर्फाचा खडा चघळत होता. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून मिळतं. थानासी आपल्या वाटणीच्या पाण्याचा घरून बर्फ करून आणायचा, म्हणजे भांडताना ते जास्त वेळ पुरायचं.

दोघांच्या लाडक्या फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, क्लबाने काल स्पर्लिंग नावाच्या बचावपटूला घेतलं होतं. वय तेहतीस, डाव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया, करार दोन वर्षांचा. ऑक्टोबर चालू होता. मार्चपर्यंत एकही सामना नव्हता, आणि सामने नसले की फूटीवाल्यांना बोलायला जास्तच वेळ मिळतो.

डेसने चाळीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात फिटरचं काम केलं होतं. त्याच्या मते गुडघा म्हणजे बेअरिंग. एकदा झिजलं की वरून कितीही ग्रीस घाला, डबा रुळावरून उतरणारच. असल्या डब्याला दोन वर्षांचा करार देणारा माणूस एक तर आंधळा असला पाहिजे, नाही तर क्लबाचा अध्यक्ष. थानासीचं म्हणणं, स्पर्लिंगला पळवायचंच कशाला? आपल्या बचावफळीतली पोरं बावीस वर्षांची. चेंडू उंच आला की तिघं एकाच जागी उडी मारतात आणि मागे मैदान मोकळं. त्यांना कोणी तरी ओरडून सांगायला हवं, तू इथे राहा, तू तिथे जा. ते सांगायला गुडघा लागत नाही.

"ओरडायलाच हवा असेल तर तुझ्या बायकोला घ्या," डेस म्हणाला. "स्वस्तात येईल."

शेरिलने रक्तदाब पाहिला. वाढला होता. तिने आकडा लिहिला आणि फाइल मिटली.

फाइलमध्ये एक कागद होता. सकाळी डॉक्टरांनी ठेवलेला, डायलिसिस थांबवण्याच्या संमतीचा. सीझन संपला की मी हे सगळं थांबवणार, असं डेसने मार्चमध्येच सांगून ठेवलं होतं, आणि तो बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता. आज सही झाली की सोमवारपासून चार नंबरची खुर्ची मोकळी. त्यानंतर दहा दिवस, फार तर पंधरा. पर्थहून यायला त्याच्या मुलीने विमानाचं तिकीट काढलं होतं. नर्सने यात मध्ये पडायचं नाही, असा नियम होता, आणि तो योग्य आहे असंच शेरिलला वाटायचं. तिला वैताग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. या खुर्चीतले शेवटचे चार तास, आणि हा माणूस ते एका परक्याच्या गुडघ्यावर घालवत होता.

मध्येच डेस थांबला. समोरच्या खुर्चीत एक बाई होत्या. त्यांचा हा तिसराच दिवस. "ताई, पाय हलवत राहा," त्याने मोठ्याने सांगितलं. "अंगठे वर, खाली. नाही तर तिसऱ्या तासाला गोळे येतील." त्यांनी अंगठे हलवायला सुरुवात केली, तशी तो पुन्हा स्पर्लिंगकडे वळला.

"सहावा सामना," तो म्हणाला. "लिहून देतो. सहाव्या सामन्यात गुडघा जाणार. डावा."

"सगळे सामने खेळेल."

"नाही खेळणार. बघशील तेव्हा."

"मी बघेन रे," थानासी म्हणाला. "तू कुठे असणार आहेस?"

यंत्र वाजलं नाही. सकाळपासून पहिल्यांदाच डेसचा हात सरळ होता. थानासीने मान खाली घातली. तोंडातला बर्फ केव्हाच विरघळला होता, तरी तो चघळत राहिला.

उरलेला एक तास दोघांपैकी कोणी बोललं नाही. शेरिलला सकाळपासून हीच शांतता हवी होती, आणि आता ती सोसवेना. तिने उगाचच चार नंबरच्या यंत्राची नळी तपासली. नळी ठीक होती.

वेळ भरल्यावर तिने सुया काढल्या. रक्त थांबेपर्यंत डेसने कापसावर अंगठा दाबून धरला. मग तिने कागद आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं. त्याने चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, कारखान्यातलं ड्रॉइंग वाचावं तसा, एकही ओळ न गाळता. खाली धरायला फाइल मागून घेतली. लिहायला त्याला बराच वेळ लागला. मग कागदाची घडी करून त्याने ती थानासीपुढे धरली.

"पाकिटात ठेव. आणि हरवू नकोस."

"तो दवाखान्याचा कागद आहे," शेरिल म्हणाली आणि तिने घडी मधल्या मध्ये घेऊन उघडली. सहीची जागा कोरी होती. तिने कागद उलटला. मागच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: सहावा सामना. डावा गुडघा. खाली तारीख आणि पूर्ण सही.

"डेस, सही पुढच्या बाजूला करायची असते."

"मला वाचता येतं," डेस म्हणाला. तो बाही खाली ओढत होता. "आणि सोमवारी याला दुसरीकडे कुठे तरी बसव. खिडकीपाशी वगैरे. चार तास हे ऐकत बसणं माणसाच्या तब्येतीला बरं नाही."

शेरिलने कागद थानासीच्या हातात दिला. मग फळ्यापाशी जाऊन तिने सोमवारच्या रकान्यात चारसमोर पेटिफर लिहिलं, पाचसमोर कारास.