वरची फळी

“जाणार नाही तो,” टॅक्सीवाला तोंडावरच्या फेसातून म्हणाला.

“हलू नका,” धाकटा म्हणाला. त्याच्या हातात वस्तरा होता.

“जाणार,” बाकावरून औषधदुकानदार म्हणाला. वर्तमानपत्राचं मागचं पान त्याने घडी घालून मांडीवर ठेवलं. “हा मोसम संपला की म्हातारा क्लब सोडणार. माझ्याकडून लिहून घे.”

सलूनमध्ये आठवडाभर हेच चाललं होतं. गिऱ्हाईक बदलायचं, वाद तोच. फुटबॉल क्लबचा मॅनेजर राहणार की जाणार? तो स्वतः काही सांगत नव्हता. कोणी विचारलंच, तर पुढच्या सामन्याबद्दल बोलायचा.

थोरला भाऊ दुसऱ्या खुर्चीत बसून कात्र्या पुसत होता. पूर्वी हे काम तो उभ्यानेच करायचा. आता गुडघे ऐकत नव्हते. त्याचंही काही नाही; पण गेल्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानामागे त्याच्या हातून रक्त आलं. गिऱ्हाईक हसलं आणि विसरलं. थोरला विसरला नव्हता. महिनाअखेर दुकान धाकट्यावर सोपवून घरी बसायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. बायकोला सांगून झालं होतं. धाकट्याला सांगायचं राहिलं होतं. दुकान रिकामं झालं की सांगू, असं रोज म्हणता म्हणता आठवडा सरत आला होता.

“पण जाईल कशाला?” टॅक्सीवाल्याला राहवेना. “पगार आहे, मान आहे. हरलो तरी लोक त्याच्याच नावाने घोषणा देतात.”

“दमला असेल,” औषधदुकानदार म्हणाला.

“दमायला काय झालं? धावतात ती पोरं. हा नुसता रेषेजवळ उभा तर असतो!”

“दिवसभर उभे राहून बघा एकदा,” थोरला म्हणाला.

“तुम्ही तर बोलूच नका. तुमची जन्मठेप आहे. तुम्हाला कोण सोडतंय?”

सगळे हसले. थोरल्याने पुसलेली कात्री पुन्हा पुसायला घेतली.

“मी बातम्यांवर जात नाही, मी माणूस बघतो,” औषधदुकानदार म्हणाला. “परवा खेळाडू कोण बदलत होता? असिस्टंट. ओरडत कोण होता? असिस्टंट. म्हातारा आपला हाताची घडी घालून बसलेला. अरे, जाणारा माणूस तोंडाने सांगत नाही. हातातलं एकेक काम हळूच दुसऱ्याच्या हातात देतो. त्या दुसऱ्याला वाटतं, आपल्यावर मर्जी बसली. खरं काय ते त्या बिचाऱ्याला सगळ्यांत शेवटी कळतं.”

वस्तरा टॅक्सीवाल्याच्या हनुवटीखाली थांबला.

“काय झालं? कापलं का?”

“नाही,” धाकटा म्हणाला.

टॅक्सीवाल्याची दाढी नेहमी थोरला करायचा. आज तो दारातून आत आला तेव्हा थोरला खुर्चीतून उठलाच नव्हता. “तू घे यांना,” एवढंच म्हणाला होता.

उरलेली दाढी धाकट्याने उरकली. लोशनच्या बाटलीसाठी सवयीने हात मागे करत त्याने वर पाहिलं. वरची फळी रिकामी होती. बाटल्या खालच्या फळीवर, त्याच्या छातीशी, ओळीने मांडलेल्या होत्या. त्याने एक उचलली. आरशात थोरल्याकडे पाहिलं. थोरला कात्रीकडे बघत होता.

“म्हातारा गेला तर मी सामने बघणं सोडीन,” टॅक्सीवाला गाल चोळत उठला.

“दर वर्षी सोडतोस.”

“या वेळी खरंच.”

दोघे वाद घालतच बाहेर पडले. टॅक्सीचं दार लागलं तरी औषधदुकानदाराचा आवाज येत होता.

धाकट्याने जमिनीवरचे केस झाडून कोपऱ्यात गोळा केले. मग झाडू भिंतीला टेकवला.

“दादा, बाटल्या खाली कोणी आणल्या?”

“मी. सकाळी.”

“का?”

“वर तुझा हात पुरत नाही.”

“तो कधीच पुरत नव्हता.”

हे खरं होतं. धाकटा चणीने लहान. दुकान उघडलं तेव्हापासून तो गिऱ्हाइकावरची नजर न काढता हात मागे करायचा, “दादा, निळी,” म्हणायचा, आणि थोरला न बघता वरून बाटली काढून त्याच्या तळव्यावर ठेवायचा.

आता सांगावं, असं थोरल्याला वाटलं. वाक्य आठवडाभर तयार होतं. त्याने घसा साफ केला.

धाकट्याने तेवढ्यात पहिली बाटली उचलली आणि टाचा उंच करून वरच्या फळीच्या कडेवर ठेवली. बोटांच्या टोकांनी आत ढकलली. मग दुसरी. मग तिसरी. निळी सगळ्यांत मोठी होती. ती काही वर जाईना. दोनदा प्रयत्न करून तो तसाच हात उंचावून उभा राहिला. मागे वळला नाही.

“दादा, एवढी एक ठेव.”

थोरला खुर्चीच्या हाताला धरून उठला. गुडघा वाजला. पुढे होऊन त्याने धाकट्याच्या हातातून बाटली घेतली आणि वर नेली.

फळीपर्यंत पोहोचण्याआधीच ती अर्ध्यावर थांबली. बाटलीतलं निळं पाणी हिंदकळत होतं.

धाकटा वळून त्या पाण्याकडे बघत राहिला. ते स्थिर होण्याची त्याने बराच वेळ वाट पाहिली.