गुरुलिंगचा डावा हात

गुरुलिंगचा हाही बॉल बास्केटच्या लोखंडी कड्यावर आपटून बाहेर गेला. दोन्ही हातांनी, छातीपासून, मुनीरसाहेबांनी शिकवला होता अगदी तसाच टाकलेला बॉल. मुरुम गावच्या शाळेच्या मैदानाभोवती जमलेली माणसं हळहळली. उस्मानाबादहून खेळायला आलेली पोरं हसली. कडेला उभ्या असलेल्या मुनीरसाहेबांनी डोक्यावरची गोंड्याची रुमी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मुनीरसाहेब म्हणजे शाळेचे ड्रिल मास्टर. बास्केटबॉल हैदराबादेत शिकून आलेले. गुरुलिंग त्यांच्या संघाचा सेंटर, कारण शाळेत त्याच्याएवढं उंच दुसरं कुणी नव्हतं. सेंटरनं कड्याखाली उभं राहायचं, वरून येणारा बॉल धरायचा आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा. पोरं त्याला खांब म्हणत. बॉल टाकायचा दुसऱ्यांनी, टाळ्याही दुसऱ्यांनाच. गुरुलिंगला याचं वाईट वाटे. त्यालाही बॉल टाकायचा होता.

अडचण डाव्या हाताची होती. घर लिंगायत, त्यामुळं गळ्यातल्या शिवदोऱ्याला इष्टलिंगाची चांदीची डबी. उडी मारली की ती उसळून हनुवटीवर बसायची. म्हणून बॉल टाकायची वेळ आली की डावा हात आपोआप डबीवर जायचा. ती काढून खुंटीला टांगायची सोय नव्हती. लिंग जिवात जीव असेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. वडील महालिंगप्पा, आजोबा, सगळ्यांच्या गळ्यात ती तशीच होती. पण त्यांना आडतीच्या गादीवर बसायचं होतं. उडी मारायचा प्रसंग त्या घराण्यात कुणावर आला नव्हता.

मग उरलेल्या हातानंच तो शिकला. आडतीच्या मागं लिंबाच्या झाडाला त्यानं पिंपाचं लोखंडी कडं ठोकलं. शाळेतला जुना, शिवलेला बॉल आणला. सुरुवातीला बॉल भिंतीपलीकडं जायचा, धुरपदाबाईच्या वाळवणात पडायचा आणि शिव्या घेऊन परत यायचा. मग तो कड्याला लागू लागला. मग कड्याला न लागताच आत जाऊ लागला. पुढं पुढं तर गुरुलिंग कड्याकडं पाठ करून उभा राही, गर्रकन वळे आणि टाके, तरी आत. भिंतीपलीकडं धुरपदाबाईला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं.

मुनीरसाहेबांनी ते पाहिलं आणि मान हलवली. हैदराबादेत सगळे दोन्ही हातांनी टाकत. एका हाताचा बॉल आत पडला तर ते त्यांच्या लेखी नशीब, नेम नव्हे. डबी काढ, असं ते कधी म्हणाले नाहीत. तेवढी अदब त्यांना होती. पण हट्ट सोडला नाही.

"दो हात दिए अल्ला ने," ते म्हणत, "एक को छुट्टी कायको? सामन्यात टाकायचा तर दोन्ही हातांनी. नाहीतर खांब."

शेवटी आई इरम्मा मठात गेली. पोराचं दुखणं ऐकून स्वामींना हसू आलं.

"लिंग अंगावर पायजे, इरम्मा. लोंबतंच पायजे, आसं कुठं हाय?"

आजच्या सामन्याच्या सकाळी इरम्मानं ती डबी रेशमी फडक्यात गुंडाळून त्याच्या दंडाला घट्ट बांधली. दोन्ही हात मोकळे झाले. मुनीरसाहेबांना झालेला आनंद त्यांच्या तोंडावर मावेना. "आज तू टाकायचा," ते म्हणाले. "पडला तर हमेशा टाकशील. नाही पडला तर कायमचा खांब. मंजूर?" गुरुलिंगनं मान डोलावली.

आणि आता हे असं. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागावं, तशी गत झाली होती. त्याच्या हातून एकही बॉल आत गेला नव्हता. संघ बरोबरीत होता तो बाकीच्यांच्या जिवावर. वेळ सरत आली. तेवढ्यात समोरच्या पोरानं त्याला ढकललं आणि पंचांनी शिट्टी मारली. मोकळा बॉल मिळाला, म्हणजे कुणी आडवं न येता रेघेवरून टाकायची संधी. नियमाप्रमाणं ज्याला ढकललं, त्यानंच टाकायचा.

रेघेवर उभं राहिल्यावर गुरुलिंगला रडू येऊ लागलं. त्याला कडं दिसत होतं, पण हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. त्यानं डोळे पुसले. बॉल उजव्या तळहातावर घेतला. डावा हात त्याचा तोच उठला आणि छातीवर जाऊन बसला. तिथं नुसता सदरा होता.

"हात!" मुनीरसाहेब सवयीनं ओरडले.

गुरुलिंग दचकला. त्यानं हात काढला. मुनीरसाहेब त्याच्या छातीकडं बघत राहिले. डबी तर दंडाला होती. मग हे पोरगं धरत काय होतं?

"नहीं, नहीं!" ते पुन्हा ओरडले. "रख! वहींच रख!"

हात परत छातीवर गेला. बॉल उजव्या हातातून सुटला आणि कड्याला न शिवता आत पडला.

पुढं निजामाचं राज्य गेलं. मुनीरसाहेबांची रुमी टोपी गेली. गुरुलिंग आडतीच्या गादीवर जाऊन बसला. शाळेच्या मैदानावर कडं मात्र तेच राहिलं, आणि शिकवायला मुनीरसाहेबच. दरवर्षी नव्या पोरांसमोर ते बॉल उजव्या तळहातावर घेत, डावा हात छातीवर ठेवत आणि म्हणत, "असा." देशमुखांची, जंगमांची, तांबोळ्यांची, सगळी पोरं तशीच उभी राहत.

एकदा ज्ञानोबा नावाच्या पोरानं विचारलं, "सर, ह्यो हात इथं कशाला ठिवायचा?"

मुनीरसाहेबांनी खाली बघितलं. आपल्याच छातीवरचा हात त्यांना दिसला. पण काढला नाही.

"इसके बगैर," ते म्हणाले, "पडत न्हाय."