शेखरचं कुलूप

"तुम्ही मारलं माझ्या माणसाला, साहेब. तुम्ही!"

सायखेड्याच्या चौकातल्या मांडवात सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. स्टेजवर शेखरचा फोटो, त्याला हातभर जाड हार. सरहद्दीवरच्या विजेच्या लाइनींचा ठेका घेतलेल्या कंपनीचे मोठे साहेब नुकतंच भाषण ठोकून घाम पुसत होते.

"वहिनी, तोफेचा गोळा शत्रूचा होता," साहेब समजुतीनं म्हणाले.

"सुवर्णे, खाली बस," सासरा मोतीराम कुजबुजला. "मोठी माणसं हायेत."

"बसते आबा. आधी ह्यांना परत सांगू द्या. लाइट कधी आली?"

साहेबांना बरंच वाटलं. भाषणातला तोच भाग झकास जमला होता. "गोळे पडत होते. जवानांच्या दवाखान्यात अंधार. शेखर खांबावर चढला, तार जोडली. दवाखाना उजळला! खांबावरूनच त्यानं तो उजेड डोळे भरून पाहिला, आणि मग गोळा आला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुवर्णाच्या अंगाचा तिळपापड झाला.

लग्न झालं तेव्हा शेखर गावातच लाइनवर होता. चढण्याआधी स्विचचा दांडा ओढून लाइन बंद करायची, दांड्याला कुलूप ठोकायचं, चावी आपल्या खिशात. चढलेला माणूस उतरून स्वतः कुलूप काढील, तेव्हाच लाइन चालू. एकदा हा नवा नवरदेव काम उरकून, कुलूप तसंच ठेवून जेवायला घरी आला. गाव अंधारात, विहिरींवरच्या मोटारी बंद, लोकांच्या शिव्या. तरी कुलपाला कुणी दगड लावला नाही. जोडीदार दारात येऊन ओरडला, "अरे, बायको कुठं पळून जात नाय! चावी दे आधी!" गाव लय दिवस हसलं. पुन्हा विसरू नये म्हणून सुवर्णानं त्या चावीला आपल्या साडीच्या काठाची हिरवी चिंधी बांधली. पुढं कंपनीच्या कामावर सरहद्दीला गेला, तेव्हाही कुलूप-चावी तीच नेली.

काल कंपनीच्या माणसानं शेखरच्या कपड्यांची पिशवी आणून दिली. कुणी उघडूनही बघितली नव्हती. कशाला बघतील? कंत्राटी माणसाचे कपडे.

सुवर्णा स्टेजवर चढली. साहेबांच्या तोंडासमोर तिनं मूठ उघडली. हिरवी चिंधी खाली लोंबली.

"तुम्हीच धाडलेल्या कपड्यांच्या खिशात सापडली ही. म्हणजे चावी वर, त्याच्याजवळ. मग खाली कुलूप कुणी तोडलं? माझा माणूस तारेवर असताना दांडा ढकलून लाइन कुणी चालू केली?"

तिनं माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

"बोला साहेब. नाव सांगा."